गच्चीवरचं ऊन आणि खजिनदाराची वही

आमच्या गच्चीवरच्या उन्हावर पहिला हक्क होता पापडांचा. मग कुरडया, सांडगे, सांडगी मिरच्या, आणि सगळ्यांचं उरकलं की गाद्या. होळी झाली की गच्चीच्या किल्लीसाठी वॉचमनदादांकडे नंबर लागायचे. त्यामुळे सर्वसाधारण सभेत सेक्रेटरी म्हणाले, "गच्चीवर सोलर बसवू या," तेव्हा पहिला प्रश्न अनुदानाचा आला नाही, खर्चाचाही नाही. ब-७ मधल्या आजी उठून म्हणाल्या, "मग पापड कुठं वाळवायचे?"

सभेत हशा पिकला. मी मात्र वहीत तो मुद्दा लिहून घेतला. पुढच्या दीड वर्षात जी काही भांडणं झाली ती सगळी याच प्रश्नाची भावंडं होती, हे तेव्हा कळलं नव्हतं.

आमची सोसायटी नाशिकला, इंदिरानगरात. दोन विंग, चार मजले, बत्तीस फ्लॅट, दोन लिफ्ट, दोन पंप. मी एका सीएच्या ऑफिसात बावीस वर्षं हिशेब लिहिते, म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात पडलं. मागून घेतलं नव्हतं, हे इथं नोंदवून ठेवते.

तर आधी बिलाचं सांगते. सोसायटीच्या सामाईक मीटरला घरगुती दर लागतो, आणि घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढतो. घरात शंभर-दीडशे युनिट जळतात, तिथं ते चालून जातं. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे मिळून आमचे महिन्याला बाराशे युनिट होतात, म्हणजे पाचशेच्या वरचे सगळे युनिट सर्वांत महाग टप्प्यात. बिल अठरा-एकोणीस हजार. मेन्टेनन्समधला मोठा घास तोच. गंमत अशी की, हेच बाराशे युनिट बारा घरांत वाटले असते तर निम्म्याहून कमी पैशांत भागलं असतं. सामाईक असण्याचा हा दंडच म्हणायचा.

केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेतल्या घरगुती अनुदानाची जाहिरात सगळ्यांनी पाहिली होती: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, मिळून जास्तीत जास्त ७८ हजार. पण फ्लॅटवाल्यांना स्वतःचं छप्परच नसतं, त्यांनी काय करायचं? त्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी ओळ आहे, ती फार कुणी वाचत नाही. सामाईक वापरासाठी, त्यात गाड्यांचं चार्जिंगही आलं, किलोवॅटमागे १८ हजार रुपये. मर्यादा ५०० किलोवॅट, घरामागे तीन किलोवॅट धरून. ही ओळ मी सभेत मोठ्यानं वाचली आणि शेवटच्या रांगेतल्यांनी मोबाइल खाली ठेवले.

आम्ही पंधरा किलोवॅटचा संच घेतला. ५४० वॅटची अठ्ठावीस पॅनेल. अनुदान हवं तर पॅनेल आणि त्यातले सेलही देशातच बनलेले लागतात, ते थोडे महाग पडतात. सांगाडा आठ फूट उंच घेतला, म्हणजे खालून चालता येईल आणि कोजागरीचं दूध आटवता येईल. त्या उंचीचे सत्तर हजार जास्त गेले. आणि नैर्ऋत्येची एक पट्टी मुद्दाम मोकळी सोडली. कॉन्ट्रॅक्टरनं नकाशात तिथं 'रिकामी जागा' लिहिलं होतं, सेक्रेटरींनी पेनानं खोडून 'पापडपट्टी' केलं. इतिवृत्तातही तेच नाव आहे.

एकूण खर्च आठ लाख साठ हजार. अनुदान दोन लाख सत्तर. उरलेले पाच लाख नव्वद हजार बत्तीस जणांत वाटले, फ्लॅटमागे अठरा हजारांच्या वर काही रुपये. तळमजल्यावरच्या चार घरांनी आधी नकार दिला, "आम्ही लिफ्ट वापरत नाही." मग पंपाचं पाणी तरी वापरता ना, इथपासून सुरुवात करून तीन रविवार गेले.

पंधरा किलोवॅट म्हणजे किती? साधा हिशेब असा की एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो, महिन्याला १२०. आमचे झाले अठराशे. हा आकडा कागदावरचा. आषाढ-श्रावणात नाशिकला आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, तेव्हा हजारालाही पोचलो नाही. आणि मे महिन्यात भरपूर वीज होईल असं मला वाटायचं, तेही खरं नव्हतं. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. काच तापली की पंचवीस अंशांवरच्या दर अंशाला उत्पादन पाव-अर्ध्या टक्क्यानं घसरतं. मेच्या दुपारी पॅनेल साठ अंशांच्या पुढं जातात. आमचा सर्वांत चांगला महिना मार्च निघाला. पापडांचाही तोच, हे आजींनी लगेच सांगितलं.

कॉन्ट्रॅक्टरची एक चूक मात्र आम्हाला महागात पडली. साडेतीन वाजले की ब विंगच्या पाण्याच्या टाकीची सावली शेवटच्या दोन पॅनेलवर यायची. दोनच तर आहेत, असं त्याचं म्हणणं. पण पॅनेल एका माळेत जोडलेली असतात आणि माळेतलं एक मरगळलं की बाकीच्यांचाही जोर उतरतो. मला हे मोबाइलच्या अ‍ॅपवरच्या आलेखात दिसलं. रोज त्याच वेळी पायरी उतरावी तशी रेघ खाली. विज्ञान मला कळत नाही, पण रोज त्याच वेळी होणारी घट दिसली की हिशेबनिसाला झोप लागत नाही. दोन महिने फोन केल्यावर ती दोन पॅनेल हलवली.

मग तो शनिवार आला.

नाशिकला देखभालीसाठी शनिवारी वीज जाणं काही नवं नाही. सकाळचे पावणेबारा, टळटळीत ऊन, आणि अ विंगची लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत ब-११ मधल्या वहिनी, हातात दळणाचा डबा. किल्लीनं दार उघडून त्यांना बाहेर काढलं, तेव्हा पीठ आणि माणूस दोन्ही शाबूत होते, पण सोसायटीच्या ग्रुपवर आग लागली होती. "सूर्य डोक्यावर आणि लिफ्ट बंद? मग साडेआठ लाख कशाला घातले?"

हा प्रश्न सोलर बसवलेल्या प्रत्येक सोसायटीत एकदा तरी येत असणार. साधं सोलर हे बाहेरच्या लाइनीच्या तालावर चालतं. लाइन गेली की इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज लाइनीच्या विजेसारखी करून देणारी पेटी, दोन सेकंदांच्या आत स्वतःला बंद करतो. तो बिघाड नसतो, मुद्दाम तसं बनवलेलं असतं. मला हे समजवायला कुणी इंजिनिअर लागला नाही. माझे वडील वीज मंडळात लाइनमन होते, घोटी-इगतपुरीच्या बाजूला, म्हणजे पावसाच्या तोंडातच. एकदा लाइन बंद करून त्यांचा जोडीदार खांबावर चढला, आणि खालच्या लग्नघरच्या जनरेटरचा करंट उलटा लाइनीवर आला. तो वाचला, पण उजवा हात पुढं कधी नीट मुठीत वळला नाही. वडील घरी कुणाचंही जनरेटर सुरू झालेलं ऐकलं की उठून बघायला जायचे. गच्चीवरचं सोलर वीज गेल्यावरही लाइनीत वीज ढकलत राहिलं, तर खांबावरच्या माणसाचं तेच होईल. ग्रुपवर मी हे लिहिलं. त्यानंतर तासभर कुणी काही लिहिलं नाही, आमच्या ग्रुपसाठी हा विक्रम आहे.

पण वीज गेल्यावर काय, हा प्रश्न उरलाच. त्याला बॅटरी लागते, आणि बॅटरीत पैसे ओतायला तळ नसतो. दोन्ही लिफ्ट चालवायच्या तर सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा, तीन फेजचा मोठा हायब्रिड इन्व्हर्टर, खर्च जवळजवळ संचाइतकाच. शेवटी आम्ही लहान उडी मारली. पाच युनिटांची लिथियम-आयर्न-फॉस्फेटची बॅटरी, तिच्यावर जिन्यातले दिवे, कॅमेरे, गेट, आणि तळमजल्यावर एक सॉकेट. लिफ्टना स्वतंत्र रेस्क्यू यंत्र, जे वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडतं, बस्स. त्या सॉकेटवरून एकानं विचारलं, "हे कुणासाठी?" अ-३ मधल्या आजोबांना ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते साडेतीनशे वॅटचं आहे. दिवे बंद ठेवले तर पाच युनिटांवर बारा तास चालेल, असं मी सांगितलं. पुढं कुणी विचारलं नाही.

साठवणुकीचं हे प्रकरण मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर गुजरातेत मोढेरा आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पाटणची राणी की वाव आणि मोढेराचं सूर्यमंदिर बघायला गेलो होतो. मंदिर अकराव्या शतकातलं, सोळंकी राजा भीमदेवाच्या काळातलं. नवरा कोरीवकामाचे फोटो काढत होता आणि मी गावातली छपरं मोजत होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये हे गाव देशातलं चोवीस तास सौरविजेवर चालणारं पहिलं गाव म्हणून जाहीर झालं. तेराशेहून जास्त घरांवर एकेक किलोवॅटचे संच, जवळच सुज्जनपुऱ्यात सहा मेगावॅटचा प्रकल्प आणि पंधरा मेगावॅट-तासांची, म्हणजे पंधरा हजार युनिटांची बॅटरी, शिवाय गाड्यांचं चार्जिंग. दिवसाची वीज रात्री वापरायची ती तिथं अशी. अर्थात त्यामागं ८० कोटींच्या आसपास सरकारी पैसा आहे. आमच्या अठरा हजार गुणिले बत्तीसला ते कसं परवडणार? त्यापेक्षा साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी मला जवळची वाटते. राज्यातलं पहिलं सौरग्राम, शंभरेक घरं, छपरावर पॅनेल, रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठाही सौरविजेवर. हे आपल्या आवाक्यातलं आहे.

आणि उलटं उदाहरणही सांगते, कारण सोलरवाले सेल्समन ते सांगत नाहीत. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई नावाचं गाव आहे. २०१४ मध्ये तिथं शंभर किलोवॅटची सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरती वेगळी वीजव्यवस्था, सुरू झाली, मोठा गाजावाजा झाला. पण टीव्ही-फ्रिज चालवायची मुभा नव्हती आणि युनिट लाइनीच्या विजेपेक्षा महाग. गावकऱ्यांनी जाहीरपणे 'असली बिजली' मागितली. लाइन आली, लोक तिकडं वळले, बॅटऱ्या मेल्या, आणि पुढं त्या वीजघरात गुरं बांधलेली पत्रकारांना दिसली. तिथं सूर्य कमी पडला नव्हता. दर आणि दुरुस्ती यांचा हिशेब बसला नव्हता. आमच्या बॅटरीसाठी मी दर महिन्याला बाराशे रुपये वेगळे काढून ठेवते ते या गावाच्या भीतीनं. कमिटीला ते जास्त वाटतात. वाटू देत.

आता मुख्य भांडण. चार्जिंगचं.

आम्ही पार्किंगमध्ये चार पॉइंट काढले, तीन स्कूटरसाठी, एक कारसाठी. प्रत्येकाला छोटा मीटर आणि भिंतीवर वही, दोरीनं बांधलेल्या पेनासकट. सुरुवातीला कुणीतरी म्हणालं, सूर्य सगळ्यांचा, चार्जिंग फुकट ठेवू. तेव्हा मी फळ्यावर मांडलं. वर्षाला आपली वीज वीस हजार युनिटांच्या आसपास. लिफ्ट-पंपाला साडेचौदा हजार. उरले साडेपाच हजार. सात स्कूटर, दरेकी महिन्याला तीस युनिट, वर्षाचे अडीच हजार. दोन कार, दरेकी महिन्याला दीडशे, वर्षाचे छत्तीसशे. बेरीज एकसष्टशे. म्हणजे आपण आत्ताच सहाशेनं उणे आहोत, आणि तिसरी कार बुक झालेली आहे. कारची बॅटरी एकदा पूर्ण भरायला तीस युनिट, म्हणजे बत्तीस घरांच्या गच्चीवरचं अर्ध्या दिवसाचं ऊन एका माणसाच्या गाडीत. ब-७ च्या आजी गाडी चालवत नाहीत. त्यांनी पापडांची जागा दिली, अठरा हजार दिले, आणि त्या बदल्यात कार-वाल्याला फुकट वीज?

कार-वाले दोघंही भले आहेत, त्यांना हे असं मांडलेलं आवडलं नाही. एकजण म्हणाला, "मी दुपारी चार्ज करतो, तेव्हाची वीज तशीही बाहेर जाते." बाहेर जाते म्हणजे वाया जाते असं अनेकांना वाटतं. तसं नाही. शेजारणीला दुपारी वाटीभर साखर उसनी दिली आणि रात्री परत घेतली, तसा हा व्यवहार आहे. नेट मीटर दोन्ही वाट्या मोजतो. दुपारी दिलेलं युनिट रात्री पंपाला परत मिळतं, आणि मार्चअखेर उसनवारी मिटते. वर्षाला देऊन उरलेल्या साखरेला मात्र फारच थोडा भाव मिळतो. म्हणून फार उरू द्यायचं नाही आणि कमीही पडू द्यायचं नाही, यातच खरी गोम आहे.

तीन सभांनंतर नियम ठरला. युनिटला नऊ रुपये. कारला महिन्याला शंभर युनिटांपर्यंत हा दर, पुढं सोळा. मला तो अजूनही पूर्ण न्याय्य वाटत नाही, पण भांडण थांबण्याइतका न्याय्य आहे. आणि एक जुनी शंका कायद्यानंच मिटवली होती. पैसे घेऊन चार्जिंग म्हणजे वीज विकणं तर नाही, त्याला परवाना लागेल का, असं एका वकील सभासदानं काढलं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०१८ मध्येच सांगून टाकलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नाही.

पण नियम करताना आम्ही सगळे सभासदांचाच विचार करत होतो. चार फ्लॅटमध्ये स्वयंपाक करणाऱ्या काकू माझ्याकडंही येतात. सकाळी आठला आमच्या इमारतीत शिरतात आणि साडेअकराला बाहेर पडतात. त्यांनी मुलाच्या हप्त्यावर जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. पेट्रोलला महिन्याला अडीच हजार जात होते. त्यांचं घर गल्लीत आत, दुसऱ्या मजल्यावर, गाडी रस्त्यावर; वायर सोडायची तरी कुठून? आणि रात्री कुणी ओढली तर? पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या खालच्या बोर्डावर लावू का, जेवढं होईल तेवढं देईन."

मी हो म्हणणार होते, पण मग इस्त्रीवाले दादा आठवले. त्यांनीही जिन्याखाली दिवसा इस्त्रीसाठी प्लग मागितला होता आणि आम्ही नाही म्हटलं होतं. घरगुती मीटरवर धंद्याचा वापर चालत नाही. ते अजून कोळशाची इस्त्री फिरवतात, आणि मी त्यांच्यासमोरून जाताना जरा वेगानं चालते. गाडीचं तसं नाही. चार्जिंग त्याच मीटरवर चालतं. अडचण कायद्याची नव्हती, 'बाहेरच्यां'ची होती.

सभेत दोन तास. "आज काकू, उद्या डिलिव्हरीवाले, परवा सगळं इंदिरानगर." हा मुद्दा अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, स्कूटरचे पॉइंट तीनच आहेत. मी आकडे सांगितले. त्यांची बॅटरी दोन युनिटांची, दिवसाआड भरावी लागते, महिन्याला पस्तीसेक युनिट, नऊच्या दरानं तीनशे पंधरा रुपये. सकाळी स्कूटरवाले सभासद कामावर गेलेले असतात, तेव्हा पॉइंट रिकामेच असतात. शिवाय त्याच वेळी गच्चीवर वीज होत असते. आजी पुन्हा उठल्या. यावेळी पापडांचं काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "ती आली नाही तर तुम्ही खाणार काय?" सतरा विरुद्ध नऊ मतांनी मंजूर. इमारतीत नियमित कामाला येणाऱ्यांना सकाळी नऊ ते दुपारी एक, दर तोच.

आता काकू, वॉचमनदादांचा मुलगा, आणि केबलवाला असे तिघं वापरतात. काकू सगळ्यांत काटेकोर. त्या लिहितात एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला.

गेल्या महिन्यात मी त्यांना बिल सांगितलं, तीनशे साठ. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवीतून कॅलेंडर काढलं. त्यांच्या हिशेबानं छत्तीस युनिट, माझ्या वहीत चाळीस. मीटरचं रीडिंग परत बघितलं. बारा आणि चौदा तारखेच्या ओळी मी दोनदा उतरवल्या होत्या, मिळून चार युनिटांच्या. बावीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या चुका काढते आहे. मी सुट्टे शोधू लागले तर त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई, पुढल्या महिन्यात धरा." छत्तीस रुपये त्यांच्या खाती जमा टाकलेत.